उभी माती किती वेळ उभी राहते?

काळ्या मातीतला खड्डा, विहीर आणि शहरातली खोल खोदाई

आपल्या गावांमध्ये जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. पिकाला काळी उत्तम, पण घराचा पाया तिच्यात नीट टिकत नाही, भिंतींना तडे जातात, हे जुन्या लोकांना अनुभवाने माहीत होते. म्हणून वस्तीसाठी जागा शोधताना शक्यतो उंचवट्याची, मुरमाड जमीन पाहिली जाई.

आता वस्त्या वाढल्या. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या गावांभोवतीच्या कपाशीच्या वावरांत ले-आउट पडले आणि काळीवर घरे उभी राहिली. घर आले की खोदाई आली. पायाचे खड्डे, संडासाच्या टाक्या, नळाच्या आणि गटाराच्या नाल्या, दुकानांची तळघरे आणि शेतात विहिरी. या प्रत्येक कामात कोणीतरी माणूस खाली उतरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या भिंती असतात. सकाळी खणलेली भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते. तिच्यावर विश्वास बसतो. आणि मग दोन दिवसांनी, कधी दोन तासांनी, ती बसते. ‘माती ढासळून मजूर ठार’ अशी चार ओळींची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

एक घनमीटर ओल्या मातीचे वजन सुमारे १.८ टन असते. म्हणजे साधारण एका मोटारीपेक्षाही जास्त. छातीपर्यंत माती आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही, डोके उघडे असले तरीही. त्यामुळे ‘ही भिंत उभी का आहे आणि किती वेळ उभी राहील’ हा प्रश्न केवळ इंजिनिअरांचा नाही. त्याचे उत्तर शोधायला नववी-दहावीचे गणित आणि विज्ञान पुष्कळ पुरते. ते कसे, हे या लेखात पाहू.

बेसाल्टपासून काळ्या मातीपर्यंत

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा खडक तयार झाला. ऊन, पाऊस आणि हवा यांच्या परिणामाने तो झिजतो. आधी त्याचा मुरूम होतो आणि पुढे माती. आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या उंच भागात मातीचा थर पातळ आहे. वर्धा, धाम, वणा या नद्यांच्या खोऱ्यांत, हिंगणघाट-समुद्रपूर-देवळीकडे तो जाड आहे. विहीर खणताना हा क्रम डोळ्यांनी दिसतो : वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड.

खोल काळ्या जमिनीत निम्म्याहून अधिक भाग चिकणकणांचा असतो. चिकणकण म्हणजे दोन मायक्रॉनहून, म्हणजेच एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून, लहान कण. त्यांतले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट या गटातले आहे. त्याची रचना पत्त्यांच्या जोडासारखी असते. अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले आणि त्यांच्यामधली बांधणी सैल. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, पापुद्रे दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी गेले की पापुद्रे जवळ येतात, माती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. मे महिन्यात वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो तो यामुळेच.

उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात लोणी

मे महिन्यातले काळ्या मातीचे ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. तेच ढेकूळ पाण्याच्या भांड्यात टाका. थोड्याच वेळात त्याचे कोपरे गळू लागतात, बुडबुडे येतात आणि शेवटी तळाशी चिखलाचा ढीग उरतो. पाण्याने असे काय केले?

वाळलेल्या वाटणाऱ्या ढेकळातही थोडे पाणी असते. ते कणांच्या फटींमध्ये अडकलेले असते. दोन काचपट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब ठेवला तर त्या एकमेकींना चिकटतात आणि सहज ओढून निघत नाहीत, हे आपण प्रयोगशाळेत पाहतो. तिथे पाण्याचा पृष्ठताण काचा जवळ ओढत असतो. मातीत असे असंख्य बारीक ‘थेंब’ कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. फट जितकी बारीक तितकी ही ओढ जास्त, आणि चिकणमातीतल्या फटी अतिशय बारीक असतात. पण सगळ्या फटी पाण्याने भरल्या की थेंबांची वक्र कड उरत नाही, पृष्ठताणाची ओढ संपते आणि ढेकूळ विरघळते.

म्हणजे उन्हाळ्यातल्या मातीचे बळ बऱ्याच अंशी उसने असते. पाऊस आला की ते परत जाते. विहिरीचे काम मे महिन्यात सुरू होऊन जूनपर्यंत लांबले की अपघाताची शक्यता का वाढते, याचे हे पहिले कारण.

भिंत किती उंच राहील?

आता थोडे गणित करू. मातीची एक उभी भिंत आहे, तिची उंची ‘उ’ मीटर. भिंत कोसळते तेव्हा एक पाचर तिरकी खाली घसरते. ही पाचर तळापासून ४५ अंशांच्या कोनात कापली जाते असे समजू. मग तिची उंची ‘उ’ आणि वरची रुंदीही ‘उ’. भिंतीच्या एक मीटर लांबीचा विचार केला तर पाचरीचे घनफळ ½ × उ², आणि एक घनमीटर मातीचे वजन ‘घ’ टन असेल तर पाचरीचे वजन ½ × घ × उ² टन.

हे वजन सरळ खाली ओढते. त्यातला घसरणीच्या दिशेने काम करणारा भाग म्हणजे वजन भागिले √२.

पाचरीला धरून कोण ठेवते? घसरणीच्या पृष्ठावर कण एकमेकांना धरून असतात. मातीच्या या गुणाला संसक्ती म्हणतात. एका चौरस मीटरवर ती ‘स’ टन आहे असे धरू. घसरणीच्या पृष्ठाची लांबी √२ × उ, म्हणून एकूण रोध स × √२ × उ.

ओढ आणि रोध सारखे झाले की भिंत कोसळण्याच्या बेतात असते. दोन्ही समान मांडून सोडवले की सुटसुटीत उत्तर मिळते :

घ × उ = ४ × स, म्हणजेच उ = ४ × स ÷ घ

(ओल्या चिकणमातीत खोदाईनंतर लगेचच्या काळात कणांमधले घर्षण वेगळे धरावे लागत नाही, म्हणून हे सूत्र इतके सोपे आहे. वाळूला संसक्ती नसते, म्हणून कोरड्या वाळूची उभी भिंत मुळीच राहत नाही.)

उदाहरणादाखल आकडे घालून पाहू. उन्हात कडक झालेल्या मातीची संसक्ती चौरस मीटरला १० टन धरली आणि ‘घ’ १.८ धरला तर उंची येते सुमारे २२ मीटर. म्हणजे चार मीटरच्या खड्ड्याला काहीच धोका नाही असे वाटेल. तीच माती भिजून मऊ झाली आणि संसक्ती २ टनांवर आली तर उंची येते जेमतेम ४.४ मीटर. जागा तीच, खड्डा तोच, फक्त मध्ये एक पाऊस पडून गेला.

भेग आणि भेगेतले पाणी

वरच्या गणितात पाचर अखंड आहे असे आपण मानले. प्रत्यक्षात भिंतीच्या वरच्या भागात माती खड्ड्याकडे झुकते, ताणली जाते आणि काठापासून थोड्या अंतरावर काठाला समांतर भेग पडते. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. भेग पडली की तेवढ्या भागात धरून ठेवणारे कोणी उरत नाही. मृदा यांत्रिकीचे जनक कार्ल तेर्झागी यांनी हिशेब करून दाखवले की अशा भेगेमुळे सुरक्षित उंची सुमारे दोन तृतीयांशावर येते. आपल्या उदाहरणातली ४.४ मीटर उंची आता २.९ मीटर झाली.

भेगेत पाणी शिरले तर आणखी वाईट. दोन मीटर खोल भेग पाण्याने भरली की तिच्या तळाशी चौरस मीटरला दोन टन दाब असतो आणि तो पाचरीला खड्ड्याकडे ढकलतो. भेग कितीही अरुंद असली तरी दाब तेवढाच. द्रवाचा दाब खोलीवर अवलंबून असतो, रुंदीवर नाही, हे आपण सातवी-आठवीतच शिकवतो.

इतर ठिकाणी ही भेग खोदाईनंतर पडते. काळ्या मातीत ती उन्हाळ्याने आधीच पाडून ठेवलेली असते.

आणखी एक भर माणूस घालतो. खणलेली माती लांब टाकायला कष्ट पडतात, म्हणून ती काठावरच टाकली जाते. काठावर दीड मीटर उंच ढीग पडला तर खड्डा जवळजवळ दीड मीटर जास्त खोल केल्यासारखाच भार पाचरीवर येतो. खड्ड्याची खोली टेपने मोजली जाते, ढिगाची उंची कोणी धरत नाही.

खोदाईनंतर सुरू होणारे घड्याळ

समजा पाऊस नाही, भेग नाही, ढीग नाही आणि माती आधीपासून पूर्ण ओली आहे. मग आज उभी असलेली भिंत उद्याही उभी राहील का?

पाण्यात बुडवून मुठीत दाबून धरलेला स्पंज आठवा. मूठ सैल केली की स्पंज फुगतो आणि फुगताना पाणी आत ओढून घेतो. जमिनीतली चिकणमातीही वरच्या आणि बाजूच्या मातीच्या भाराने दाबलेली असते. खड्डा खणणे म्हणजे मूठ सैल करणे. माती फुगू पाहते, पण त्यासाठी लागणारे पाणी लगेच मिळत नाही. अखंड चिकणमातीतून पाणी फार हळू सरकते, वर्षाला काही सेंटिमीटर इतके हळू. तोवर आतल्या पाण्यावर ओढ पडते आणि ती ओढ कणांना जवळ धरून ठेवते. भिंत ताठ उभी राहते. पुढे जसजसे पाणी आत झिरपते तसतशी ओढ कमी होते, माती सैल पडते आणि एक दिवस भिंत बसते.

मातीचे बळ तिच्या एकूण भारावर अवलंबून नसते. त्यातून पाण्याचा दाब वजा केल्यावर कणाकणांवर जो दाब उरतो त्यावर ते अवलंबून असते, हा तेर्झागींचा मुख्य सिद्धांत. त्यांचा या विषयावरचा जर्मन ग्रंथ १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झाला आणि मृदा यांत्रिकी हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले.

हे घड्याळ किती वेगाने चालते ते मातीवर अवलंबून आहे. लंडनच्या कडक चिकणमातीत रेल्वेसाठी कापलेले काही उतार कापल्यानंतर अनेक दशकांनी घसरले. काळ्या मातीत मात्र भेगांचे जाळे असते आणि पाणी त्यातून चटकन आत पोचते. तिथे हिशेब दशकांचा नसून दिवसांचा असतो. ‘काल खणला, काही झाले नाही, म्हणजे पक्का आहे’ हा तर्क म्हणून उलटा आहे. चिकणमातीतला खड्डा जितका जुना, तितका कमी भरवशाचा.

तळसुद्धा वर येतो

आपले सगळे लक्ष बाजूंकडे असते. पण मऊ मातीत खोल गेले की तळही दगा देतो. चिखलात अनवाणी पाय टाकला की बोटांच्या फटींतून चिखल वर येतो. खड्ड्याबाहेरची माती म्हणजे तो पाय आणि खड्ड्याचा तळ म्हणजे बोटांमधली फट. बाहेरच्या मातीचे वजन तळाखालच्या मातीला दाबते आणि ती मोकळ्या बाजूने, म्हणजे खड्ड्यात, वर येते. तेर्झागींच्या हिशेबाप्रमाणे बाहेरचे वजन संसक्तीच्या ५.७ पटीपर्यंत गेले की ही अवस्था येते. संसक्ती २ टन आणि ‘घ’ १.८ असताना ही खोली होते सुमारे ६.३ मीटर. बाजूंना कितीही भक्कम आधार दिला तरी तळाची ही मर्यादा शिल्लक राहते.

आपल्या जिल्ह्यात काळी माती बहुधा इतकी जाड नसते, खाली मुरूम लागतो. पण इथे तळाचा दुसरा धोका आहे. मुरमात दाबाखालचे पाणी असू शकते. वर चिकणमातीचे झाकण आणि खाली पाणी. खणत खणत झाकण पातळ होते. खालच्या पाण्याची पातळी झाकणाच्या तळापासून चार मीटर उंच असेल तर ते पाणी चौरस मीटरला चार टनांनी वर ढकलते. त्याला तोलायला मातीचे झाकण ४ ÷ १.८, म्हणजे निदान २.२ मीटर जाड हवे. त्याहून पातळ झाले की तळ फुटू शकतो आणि पाणी उफाळून वर येते. ‘झरा फुटला’ म्हणून वर आनंद होतो त्या क्षणी खाली उभ्या माणसाला लवकर बाहेर पडता आले पाहिजे.

विहीर गोल का?

या सगळ्यावर जुन्या कारागिरांनी काढलेले उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. विहीर गोल असते. चौकोनी खड्ड्याच्या भिंतीवर बाजूची माती दाबली की भिंत आत वाकते, म्हणजे तिच्या एका बाजूला ताण येतो. दगड, वीट आणि माती ताण सोसत नाहीत. गोल कड्यावर चारही बाजूंनी सारखा दाब आला की प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो, सगळीकडे फक्त दाबच येतो आणि दाब सोसायला दगड तयारच असतो. दरवाजाच्या कमानीचेच हे तत्त्व, फक्त कमान आडवी करून वर्तुळ पूर्ण केलेले.

आपल्याकडे वरचा मातीचा भाग बांधून काढतात आणि खालचा दगड तसाच उघडा ठेवतात. दगडाला आधाराची गरज नसते. बांधकामात पाणी येण्यासाठी छिद्रे सोडतात, त्यामुळे मागे पाणी तुंबून दाब वाढत नाही. बांधकाम आणि माती यांच्यामधल्या जागेत काळी माती परत न टाकता मुरूम भरणे चांगले, कारण मुरूम फुगत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक रा. कृ. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण संसक्ती असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर दिला तर फुगवटा आवरतो, हे त्यांनी दाखवले. कालव्यांच्या बांधकामात ही पद्धत वापरली गेली.

नदीकाठच्या मऊ जमिनीत आणखी एक युक्ती करतात. आधी खड्डा आणि मग बांधकाम असे न करता जमिनीवरच गोल बांधकाम रचायचे, आतली माती उकरायची आणि बांधकाम स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्यायचे. सिमेंटच्या रिंगा टाकून केलेल्या विहिरी अशाच खाली नेता येतात. रेल्वेच्या कितीतरी पुलांचे पाये याच रीतीने नदीत उतरवले आहेत. यात उघडी भिंत कधी उरतच नाही, आधार नेहमी खोदाईच्या बरोबर चालतो.

हे सूत्र लक्षात ठेवा. शहरातली सगळी मोठी कामे त्यावरच चालतात.

शहराच्या पोटात

नाली अरुंद असेल तर दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या लावून मध्ये आडव्या बल्ल्या ठोकतात. एका भिंतीचा दाब दुसऱ्या भिंतीवर जातो आणि दोन्ही उभ्या राहतात. जागा मोकळी असेल तर भिंत तिरकी कापतात किंवा टप्पे करतात. पण शहरात रस्त्याला लागून इमारती असतात. उताराला जागा नसते आणि खोली वीस-पंचवीस मीटर असते.

मुंबईचेच पाहा. तिथला मूळ खडक बराचसा आपल्यासारखाच लाव्हापासून बनलेला आहे, पण किनाऱ्याला आणि खाड्यांच्या काठाला त्यावर समुद्राने आणून टाकलेली मऊ चिकणमाती आहे. मिठी नदीकाठच्या पाणथळीत भर घालून वसवलेले वांद्रे-कुर्ला संकुल अशाच जागी आहे. कुलाबा ते सीप्झ ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो ३३.५ किलोमीटर लांबीची आहे. तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. बोगदे यंत्रांनी कोरले, पण बहुतेक स्थानकांसाठी रस्त्यात खोल खड्डेच घ्यावे लागले, तेही गिरगाव-काळबादेवीसारख्या जुन्या, दाट वस्तीत.

अशा जागी भिंत आधी आणि खड्डा नंतर असा क्रम असतो. जमिनीत एकमेकींत गुंतलेल्या काँक्रीटच्या खांबांची रांग उभी करतात, किंवा सलग काँक्रीटची भिंतच करतात. ती खालच्या खडकात रुतवली की तळाचा प्रश्नही सुटतो. मग थोडे खणायचे, समोरासमोरच्या भिंतींमध्ये पोलादी आडवे टेकू बसवायचे, मग पुढचे खणायचे. टेकू बसल्याशिवाय पुढचा थर काढायचा नाही, हा नियम मोडला की सगळे गणित मोडते. मऊ मातीत वीस मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पंचवीस टनांच्या आसपास दाब येऊ शकतो. एक भरलेला दहाचाकी ट्रक एका चौरस मीटरवर!

पण सलग भिंतीसाठीसुद्धा आधी खोल, अरुंद चर खणावाच लागतो. तो का ढासळत नाही? इथे एक गमतीची गोष्ट आहे. तो चर खणतानाच बेंटोनाइट मातीच्या पातळ काल्याने भरलेला ठेवतात. हा काला पाण्यापेक्षा किंचित जड असतो. तो चराच्या बाजूंवर साय धरतो आणि त्या सायीवर दाब देऊन भिंत थोपवून धरतो. नंतर तळापासून काँक्रीट ओतत जातात आणि हलका काला वर ढकलला जाऊन बाहेर येतो. इटलीत १९५० च्या सुमारास ही पद्धत रूढ झाली. कलकत्त्याची १९८४ साली सुरू झालेली भारतातली पहिली मेट्रो बांधताना तिथल्या मऊ चिकणमातीत अशाच भिंती वापरल्या होत्या.

आता बेंटोनाइट म्हणजे काय? त्यातले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइटच! भारतात ते कच्छमध्ये सापडते आणि तिथले बरेच बेंटोनाइट दख्खनच्या त्याच लाव्हाखडकापासून बनलेले आहे. जे खनिज वर्ध्याच्या वावरात घराला तडे पाडते तेच खनिज शहरात खोल चराला उभे ठेवते. गुण एकच : पाणी पिऊन फुगण्याचा.

टेकूंवर कोण लक्ष ठेवते?

टेकूंवर प्रत्यक्षात किती भार येतो हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे मोजले गेले ते शिकागोत. १९४० च्या सुमारास तिथल्या मऊ चिकणमातीत भुयारी रेल्वे बांधली जात होती. तेर्झागी सल्लागार होते आणि राल्फ पेक हे तरुण इंजिनिअर मोजणीचे काम पाहत होते. दाब खोलीबरोबर सरळ वाढत जाईल, म्हणजे खालच्या टेकूंवर सर्वांत जास्त भार येईल, असे पुस्तकी गणित सांगत होते. मोजणीत वरच्या टेकूंवरही अपेक्षेहून बराच जास्त भार आढळला. भिंत खोदाईबरोबर टप्प्याटप्प्याने सरकते आणि त्यानुसार टेकू भार वाटून घेतात. कोणत्या टेकूवर केव्हा किती येईल हे नेमके सांगता येत नाही. म्हणून पेक यांनी पुढे आग्रह धरला की काम चालू असताना सतत मोजायचे आणि मोजणी सांगेल तसा बेत बदलायचा.

मोजूनही ऐकले नाही तर काय होते? २० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरमध्ये निकोल हायवेलगत भुयारी रेल्वेसाठी केलेली सुमारे तीस मीटर खोल खोदाई कोसळली. जागा समुद्राच्या मऊ चिकणमातीची होती. सुमारे शंभर मीटर लांबीचा पट्टा खचला आणि महामार्गही बसला. चौघांचा मृत्यू झाला. टेकू वाकण्याचे आवाज ऐकून इतरांना बाहेर काढणारा एक मुकादमही त्यात होता. चौकशी समितीला दिसले की मातीचे बळ हिशेबात प्रत्यक्षाहून जास्त धरले गेले होते आणि टेकू व भिंतीलगतच्या तुळया यांचे सांधे कमकुवत होते. नवव्या पातळीवरचे सांधे आधी गेले, त्यांचा भार शेजारच्या टेकूंवर पडला आणि साखळीच सुरू झाली. सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की भिंत प्रमाणाबाहेर सरकत असल्याचे उपकरणे आधीपासून दाखवत होती. तेव्हा काम थांबवण्याऐवजी सरकण्याची मान्य मर्यादाच वाढवली गेली होती.

आपल्या खड्ड्याशी

तीस मीटरच्या खोदाईभोवती निदान उपकरणे असतात. दोन-तीन मीटरच्या नालीभोवती नसतात. तिथे उपकरण म्हणजे माणसाचे डोळे. काय पाहायचे ते वरच्या गणितातूनच निघते.

काठाला समांतर भेग दिसली, ती कालच्यापेक्षा रुंद झाली, भिंतीचा पायथा फुगीर दिसू लागला, मातीचे बारीक तुकडे सुटून पडू लागले, किंवा तळ ओला आणि मऊ झाला, तर खाली उतरू नये. पाऊस पडून गेल्यावर आणि काम काही दिवस बंद राहिल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय उतरू नये. दीड मीटरहून खोल नालीला मातीत आधार द्यावा किंवा तिच्या बाजू तिरक्या कापाव्या, असे आपल्या देशाच्या खोदाईविषयीच्या मानकांत सांगितले आहे. खणलेली माती काठापासून खोलीच्या निम्म्या अंतरावर, आणि कमीत कमी दीड मीटर दूर टाकावी. खाली माणूस असेल तोवर शिडी हाताशी हवी. आणि कोणी अडकला तर घाईने उडी मारू नये. पहिली पाचर गेल्यावर तिच्या मागची भिंत आणखी उघडी पडलेली असते आणि वाचवायला गेलेला दुसरा माणूसही त्यात सापडतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. काळ्या मातीचे वाळलेले ढेकूळ, मुरमाचा खडा आणि विटेचा तुकडा एकाच वेळी तीन पेल्यांतल्या पाण्यात सोडा. दर मिनिटाला काय दिसते ते मुलांना लिहून ठेवायला सांगा.

२. वाळलेली काळी माती बारीक कुटून वस्त्रगाळ करा. १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम घाला. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० च्या खुणेपर्यंत भरा, ढवळून हवेचे बुडबुडे जाऊ द्या आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्हींतल्या मातीच्या घनफळातला फरक भागिले रॉकेलमधले घनफळ, गुणिले १००, हा झाला मुक्त फुगवटा. माती-तपासणीच्या प्रयोगशाळेतही असेच करतात. काळी, पांढरी आणि मुरमाची माती घेऊन तुलना करा. (रॉकेल शिक्षकांनी हाताळावे, जवळ ज्योत नको.)

३. गावातल्या जुन्या विहिरी पाहायला न्या, काठापासून दूर उभे राहूनच. बांधकाम कुठपर्यंत आहे, मुरूम कुठे लागला, दगड कुठे सुरू होतो, पाण्याची छिद्रे कुठे आहेत, हे पाहून मुले जमिनीचा उभा छेद काढतील. विहिरी खणणाऱ्या जाणत्या माणसाला शाळेत बोलवा आणि माती बसणार हे त्याला आधी कशावरून कळते ते विचारा. त्याने सांगितलेली प्रत्येक खूण या लेखातल्या कोणत्या कारणाशी जुळते ते मुलांनी शोधावे.

४. ‘उ = ४ × स ÷ घ’ हे सूत्र ४५ अंशांची पाचर धरून काढले. वरच्या वर्गांतल्या मुलांनी ३० आणि ६० अंशांची पाचर धरून उंची काढावी. दोन्ही वेळा उत्तर जास्त येईल. भिंत नेमकी ४५ अंशांची पाचरच का निवडते, हे त्यावरून त्यांना कळेल.